टायरवाल्या ताईंना विचारा : दिवा विझवू नका, हवा बघा

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दिव्याची आहेत. डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखा आकार, मधे उद्गारचिन्ह, रंग पिवळा. टायरच्या हवेवर नजर ठेवणारा हा दिवा. कुणी त्याला नालेचा दिवा म्हणतं, कुणी कढईचा. कोरेगावच्या एका आजोबांनी तर ‘गाडीत तांब्या दिसतोय, शुभ का अशुभ?’ असं विचारलंय. आजोबा, तुमचं शेवटी घेते.

नवीन वाचकांसाठी सांगते. माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान साताऱ्यात कोरेगाव रस्त्याला आहे. त्याच जागेत आधी बाबांचं रिमोल्डिंगचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवायचं, दुकान होतं. थंडी पडली की दुकानात आणि पत्रांत हा दिवा वाढतो, दरवर्षी. पहिलं पत्र त्याचंच.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी फलटणहून रोज साताऱ्याला नोकरीसाठी येतो. गाडी तीन वर्षांची आहे, स्क्रीनवर चारही चाकांचे आकडे वेगवेगळे दिसतात. डिसेंबर लागल्यापासून सकाळी साडेसहाला गाडी सुरू केली की पिवळा दिवा लागतो. आकडे २५-२६ दाखवतात. आदर्की घाट चढेपर्यंत दिवा आपोआप जातो. संध्याकाळी परतताना काही नसतं. दोनदा सर्व्हिसिंगला दाखवली, दोन्ही वेळा लॅपटॉप लावून ‘रीसेट केलंय’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सेन्सर गेला असेल का? बदलायचा खर्च बराच सांगतात.

— एक वाचक, फलटण

उत्तर : दादा, खर्च करू नका. चारही सेन्सर एकाच सकाळी खराब होऊन दुपारी बरे होत नाहीत.

तुम्ही हवा कधी भरता हे पत्रात नाही, पण मी सांगू? दिवाळीच्या आसपास, संध्याकाळी परत जाताना, पंपावर डिझेल घेता घेता. त्या वेळी टायर दिवसभर उन्हात तापलेला, वर पंधरा-वीस किलोमीटर पळून आलेला. हात लावला तर चांगला ऊन लागतो. मीटरवर ३३ आले की पंपावरचा पोरगा ‘झालं साहेब’ म्हणतो. ते ३३ तापलेल्या हवेचे.

आता हिशेब बघा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरचा दाब साधारण १ पीएसआयने उतरतो (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप, मीटरवरचे आकडे त्यातलेच). संध्याकाळी टायरच्या आतली हवा ४०-४५ अंशांवर होती असं धरा. पहाटे अंगणात उभ्या गाडीत ती १३-१४ अंशांवर आली. पाचेक पीएसआय तिथेच गेले. शिवाय चांगल्या, पंक्चर नसलेल्या टायरमधूनही महिन्याला १-२ पीएसआय हवा रबरातून झिरपून जाते. दिवाळीपासूनचे ते दोन-तीन धरा. म्हणजे ३३ चे २५-२६ झाले, तुम्ही लिहिलेत तेवढेच. ठरलेल्या दाबापेक्षा २० ते २५ टक्के कमी झालं की बहुतेक गाड्यांत दिवा लागतो. ३३ मधून पाचवा हिस्सा वजा केला तर २६ उरतात, चौथा केला तर २५. तुम्ही रोज पहाटे नेमके त्या उंबऱ्यावर असता. घाट चढताना टायर मळला जातो, तापतो, दोन-तीन पीएसआय वाढतात आणि दिवा विझतो. दिवा विझला म्हणजे हवा आली, असं नाही. हवा तेवढीच आहे, फक्त गरम झाली.

उपाय फुकटचा आहे. टायर गार असताना हवा भरायची. गार म्हणजे गाडी निदान तीन तास उभी आणि दीड किलोमीटरपेक्षा जास्त न पळालेली. पंप लांब असेल तर लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर घरी ठेवा, सकाळी दारातच काम होतं. तोही नसेल आणि तापलेल्या टायरवरच भरायची वेळ आली, तर स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा ३-४ जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मोजून घ्या.

आकडा कुठला भरायचा? ड्रायव्हरचं दार उघडलं की बाजूच्या खांबावर स्टिकर असतं. त्यावर बहुधा दोन रकाने असतात, एक दोन-तीन माणसांचा, दुसरा भरल्या गाडीचा. केपीएमध्ये लिहिलं असेल तर घाबरू नका, २३० केपीए म्हणजे ३३ पीएसआय, म्हणजेच २.३ बार. टायरच्या अंगावर कोरलेला मोठा आकडा मात्र भरू नका. ती त्या टायरची कमाल मर्यादा. तुमच्या गाडीची शिफारस फक्त स्टिकरवर.

राहिला लॅपटॉप. काही गाड्यांत रीसेट करणं म्हणजे ‘आत्ता जो दाब आहे तोच बरोबर मान’ असं गाडीला सांगणं. ते दुपारी, तापलेल्या टायरवर केलं की तापलेला आकडाच गाडी प्रमाण धरते आणि पहाटेची घट तिला आणखी मोठी वाटते. तुमच्या गाडीला दोन्ही वेळा लॅपटॉप लावला, पण साधं हवेचं गेज एकदाही लावलं नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. मला राग येतो तो याचा.

प्रश्न : सुरू केल्यावर मिनिटभर दिवा लुकलुकतो आणि मग तसाच पेटून राहतो. हवा चारही चाकांत बरोबर आहे, तीन ठिकाणी बघून घेतली. मागच्या महिन्यात दोन टायर नवे टाकले, त्यानंतर चालू झालं.

— एक वाचक, कराड

उत्तर : तुम्ही ‘लुकलुकतो’ हे लिहिलंत म्हणून काम सोपं झालं. लोक नुसतं ‘दिवा लागतो’ म्हणतात. हा दिवा दोन भाषा बोलतो. लागला आणि स्थिर राहिला तर हवा कमी. मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला तर हवेचं त्याला काहीच सांगायचं नाही, यंत्रणेतच बिघाड आहे. एखाद्या चाकाकडून त्याला निरोपच येत नाही.

तुमच्याकडे काय झालं असेल ते ओळखायला ज्योतिषी नको. चाकाच्या आत, व्हॉल्वच्या बुडाशी, काडेपेटीपेक्षा थोडा लहान सेन्सर असतो. टायर काढताना मशीनचं पातं त्याच्यावर आलं की तो तुटतो. मशीनवाल्याला माहीत नसतं की आत काही आहे, आणि गाडीवाला सांगत नाही. माझ्या दुकानातही सुरुवातीच्या काळात एक तुटला. भरपाई दिली, तेव्हापासून टायर काढण्याआधी विचारते, ‘आत सेन्सर आहे का?’ निम्मे लोक म्हणतात, ‘कसला सेन्सर?’ तुम्ही सांगत चला, पातं व्हॉल्वपासून लांब लावायचं म्हणून.

न तुटताही बंद पडायची दोन कारणं आहेत. टायरमध्ये पंक्चर न होण्याचं जेल ओतलं असेल तर ते सेन्सरच्या बारीक छिद्रात जाऊन बसतं. दुसरं म्हणजे वय. सेन्सरमधली बॅटरी सात-दहा वर्षं चालते आणि ती वेगळी बदलता येत नाही, सेन्सरच बदलावा लागतो. नवा बसवला की त्याची ओळख गाडीशी जोडून द्यावी लागते, नाहीतर नवा असूनही दिवा लुकलुकतच राहणार. आणि हो, स्टेपनी लावली असेल तर आधी ते बघा. पुष्कळ गाड्यांच्या स्टेपनीत सेन्सर नसतोच.

प्रश्न : टायरवाल्या ताई, आमचं गाव पलूसजवळ. उसाचं गळीत सुरू झाल्यापासून मागचं डावं चाक हैराण करतंय. दर चार दिवसांनी दिवा. हवा भरली की जातो. पंक्चरवाल्याने दोनदा पाणी मारून बघितलं, ‘कुठं काही नाही’ म्हणाला. त्याआधी ऑक्टोबरपासून तीन पंक्चर काढून झाले. रस्त्यावर कोण खिळे टाकतंय का? गावात तर तशी चर्चा आहे.

— एक शेतकरी वाचक, पलूस तालुका

उत्तर : दादा, कुणी टाकत नाही, पडतात. हंगामात तुमच्या रस्त्याने किती बैलगाड्या कारखान्याकडे जातात, मोजा. बैलाच्या एका खुराला दोन पत्र्या, म्हणजे एका बैलाला आठ, जोडीला सोळा. प्रत्येक पत्रीला चार-पाच खिळे धरा. डांबरावर चालून पत्री झिजते, खिळा ढिला होतो आणि वाटेत गळतो. आखूड, चपट्या डोक्याचा खिळा असतो तो. आमच्याकडे शेंद्र्याच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांच्या टायरमधून मी असे इतके काढलेत की एक डबा भरलाय. चर्चा करणाऱ्यांना दाखवायला ठेवलाय.

मागच्याच चाकात का? आडव्या पडलेल्या खिळ्यावरून पुढचं चाक गेलं की खिळा उडतो, उभा होतो, आणि मागचं चाक त्याच्यावर बसतं. डावं चाक रस्त्याच्या कडेने चालतं, सगळा कचरा कडेलाच साचलेला असतो. माण-खटावकडचे लोक खिळ्याऐवजी वेड्या बाभळीचे काटे घेऊन येतात, पण चाक बहुतेक वेळा तेच.

आता तुमचं ‘कुठं काही नाही’. पाणी नुसतं मारून भागत नाही. चार दिवसांत दिवा लागण्याइतकी हवा जाते म्हणजे दिवसाला दीड-दोन पीएसआय. एवढ्याशा गळतीचा बुडबुडा सेकंदात येत नाही. चाक गाडीवरून उतरवून पाण्याच्या टाकीत पाच मिनिटं दाबून धरायला लागतं, आणि धीर धरायला लागतो. हंगामात पंक्चरवाल्याच्या दारात ट्रॅक्टर-ट्रॉलीची रांग, त्याला तेवढा धीर कुठला. म्हणून घरी करा. भांडी घासायचा साबण पाण्यात घट्टसर कालवा, रंगाच्या ब्रशने लावा आणि तंबाखू मळेपर्यंत थांबा.

आधी व्हॉल्व. टोपण काढून तोंडावर एक थेंब ठेवा. फुगा धरला तर आतली बारीक पिन गळते, ती दहा-वीस रुपयांत बदलून मिळते. सेन्सरची गाडी असेल तर मात्र सेन्सरला चालणारीच पिन घालायला सांगा, दुसऱ्या धातूची असली तर गंजून आत अडकते. मग व्हॉल्व जरा वाकवून त्याच्या बुडाला साबण लावा. तिथलं रबर उन्हाने तडकतं, सरळ असताना गळत नाही, वाकवलं की गळतं. त्यानंतर नक्षीतून फिरा. आधीच्या तीन पंक्चरना स्ट्रिप (चिकट रबराची वात) मारल्या असतील, त्या जागा नीट बघा. माझा पहिला संशय तिथेच आहे. स्ट्रिप बाहेरून घुसवलेली असते, ती महिना-दोन महिन्यांत बाजूने झिरपायला लागते. टायर उतरवून आतून मशरूम (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ) लावला तर तो टायरच्या आयुष्यापर्यंत टिकतो. दोन पैसे जास्त जातात, पण दर चार दिवसांनी कंप्रेसरपाशी थांबावं लागत नाही.

आणि नक्षीतही काही नसेल तर टायर जिथे डिस्कवर बसतो ती गोल कडा बघा, आतल्या बाजूचीसुद्धा. अलॉय खड्ड्यात आपटून कडेला पोचा आला किंवा आतून पांढरी बुरशी धरल्यासारखी गंजली की हवा तिथून बारीक निघते. या गळतीला पंक्चरवाला शंभर वेळा ‘काही नाही’ म्हणतो, कारण तो फक्त टायर बघतो. कडा घासून, सीलर लावून टायर पुन्हा बसवला की थांबते.

खिळा सापडला तर उपटू नका. उपटलात तर शेतातच बसाल. तो बूच असतो. हवा भरून तसंच पंक्चरवाल्याकडे जा. आणि टायरच्या बाजूच्या भिंतीत काही घुसलं असेल तर दुरुस्ती मागू नका, कुणी करून देतो म्हणाला तरी नको.

प्रश्न : आमच्या सासऱ्यांची गाडी दोन महिने दारात उभी होती. परवा काढली, दिवा लागला नाही म्हणून निश्चिंत होतो. पंपावर सहज बघितलं तर चारही चाकांत २२! मग या दिव्याचा उपयोग काय?

— एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर : वहिनी, तुमच्या गाडीत चार चाकांचे वेगळे आकडे दिसतात का? दिसत नसतील, नुसता दिवा आणि कुठेतरी एक रीसेटचं बटण असेल, तर चाकात सेन्सर नाहीच. ती गाडी हवा मोजत नाही, अंदाज करते.

कसा, ते सांगते. हवा कमी झाली की चाक बसतं, त्याचा घेर किंचित लहान होतो. तेवढंच अंतर जायला त्याला बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे घ्यावे लागतात. ब्रेकच्या एबीएससाठी (जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) प्रत्येक चाकाचे फेरे मोजायची सोय असतेच, गाडी तेच वापरते. वारीत चौघं बरोबरीने चालतायत आणि एकाची पावलं आखूड पडायला लागली तर लगेच लक्षात येतं. चौघांचीही सारखीच आखूड झाली तर कोण कुणाला सांगणार? उभ्या गाडीत चारही चाकांतली हवा सारखीच झिरपली. गाडीच्या हिशेबाने सगळं आलबेल.

म्हणूनच या गाड्यांत रीसेटचं बटण फार जपून दाबायचं असतं. दिवा लागला की गाडीत बसल्या बसल्या बटण धरून ठेवणारे लोक मी रोज बघते. दिवा जातो, माणूस खूश. त्याने काय केलं? बसलेल्या चाकालाच गाडीसमोर ‘हे बरोबर’ असं ठरवून दिलं. आता ते आणखी बरंच बसेपर्यंत दिवा गप्प राहणार. आधी गार टायरवर गेज, मग हवा, मग बटण. बटणानंतर वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर चालवा, तेवढ्यात गाडी नवे फेरे शिकून घेते. टायर बदलले, चाकं मागे-पुढे केली तरी हाच क्रम. सासऱ्यांना सांगा, उभ्या गाडीची हवा पंधरा दिवसांतून एकदा बघायची.

प्रश्न : पूर्वी आम्ही लाथ मारून हवा बघायचो आणि काही बिघडलं नाही. हे दिवे, सेन्सर म्हणजे बिलं फुगवायचे धंदे आहेत. वर आता नव्या गाडीत स्टेपनीसुद्धा देत नाहीत!

— एक ज्येष्ठ वाचक, वाई

उत्तर : काका, लाथेचं आधी. माझे बाबा ट्रकच्या टायरवर टॉमी (लोखंडी दांडा) ठोकून आवाजावरून हवा सांगायचे, आणि बहुधा बरोबर सांगायचे. पण तो ट्रकचा टायर, शंभराच्या वर दाब. आताच्या कारच्या रेडियल टायरचं पोट ३३ ला आणि २४ ला डोळ्यांना जवळजवळ सारखंच दिसतं आणि लाथेला सारखंच लागतं. मी स्वतः फसलेय. दोन वर्षांपूर्वी बहिणीकडे सांगलीला निघाले होते, उंब्रजजवळ दिवा लागला. थंडीची सकाळ होती. वरच्या फलटणच्या दादांना दिलं तेच उत्तर मी मनाला दिलं, उतरून टायरला एक लाथ मारली, कडक लागला, निघाले. पेठ नाक्याला चहाला थांबले तर मागच्या चाकाला हात लावता येईना. टायर उतरवला तेव्हा आतून मूठभर काळा भुगा निघाला. कमी हवेत भिंत घडी पडत पळत राहिली आणि आतून दळली गेली. बाहेरून टायर नवा, चार महिन्यांचा. भंगारात दिला. माझ्या पर्समध्ये गेज होतं, काका! टायरवालीच्या पर्समध्ये.

धंद्याचं म्हणाल तर सुरुवात तशी झालेली नाही. १९८६ सालच्या पोर्शे ९५९ या भारी गाडीत ही यंत्रणा पहिल्यांदा आली तेव्हा ती हौस होती. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत मोठ्या गाड्यांच्या टायरची नक्षी सुटून निघून बरेच जीव गेले, २००० मध्ये तिथे कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना हा दिवा बंधनकारक झाला. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या कारना.

स्टेपनीबाबत तुमचा राग मला पटतो. आपल्याकडे २०२० मध्ये नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, हा दिवा आणि पंक्चर दुरुस्तीचा किट असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली. किट नक्षीतल्या खिळ्याला पुरतो. पसरणीच्या घाटात दगडाला घासून भिंत फाटली तर किटमधलं पांढरं औषध काय करणार? रस्त्याला नैवेद्य. नवी गाडी घेताना डिकीचा तळ उचलून बघा आणि मगच पैसे द्या. आणि कित्येक गाड्यांत स्टेपनी मूळ टायरपेक्षा लहान असते, तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते. त्या स्टेपनीवर मुंबई करणारे आहेत आपल्याकडे.

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत ‘समृद्धी’वरून नागपूरला जायचंय. सगळे सांगतात, तिथे टायर तापून फुटतात, म्हणून हवा ४-५ ने कमी करून जा. खरं का? नायट्रोजन भरू का?

— एक वाचक, सातारा

उत्तर : कमी करून गेलात तर फुटायची सोय तुम्हीच केलीत. टायर बाहेरच्या उन्हाने जेवढा तापतो त्याहून जास्त आपल्याच भिंती वाकवून तापतो. हवा कमी तेवढी भिंत जास्त वाकते, आणि ताशी १२० ने ती सेकंदाला सतरा-अठरा वेळा वाकते. पळताना ४-६ पीएसआय वाढणार हे गृहीत धरूनच स्टिकरवरचा गार आकडा ठरवलेला असतो. पाच माणसं आणि सामान असेल तर भरल्या गाडीच्या रकान्यातला आकडा गार टायरवर भरा. वाटेत आकडा वाढलेला दिसला तर हवा सोडू नका. सोडलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पत्रातल्या दादांसारखं होईल.

निघण्याआधी आणखी एक बघा, टायरचं वय. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर आहे म्हणून सात-आठ वर्षांचे, भिंतीला भेगा पडलेले टायर घेऊन लोक सलग सातशे किलोमीटर पळवतात. नक्षीच्या खाचेत उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे १.६ मिलीमीटर उरलं, तिथे टायर संपला.

नायट्रोजन भरा, न भरा. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. कोरडा असतो, जरा हळू झिरपतो, एवढंच. गरम झाल्यावर त्याचाही दाब साध्या हवेएवढाच वाढतो. नायट्रोजन आहे म्हणून साधी हवा भरत नाही आणि कमी हवेवर फिरतो, असं करणारी माणसं बघून मला कपाळावर हात मारावासा वाटतो. मिसळली तरी काही होत नाही.

प्रश्न : आमची गाडी जुनी, दिवा नाही. व्हॉल्वच्या टोपणाच्या जागी बसवायचे सेन्सर बाजारात मिळतात, ते घ्यावेत का?

— एक वाचक, पाटण

उत्तर : घ्या. कुंभार्ली उतरून चिपळूणला जाणारे असाल तर जरूर घ्या. आकडे बऱ्यापैकी बरोबर दाखवतात. दोन त्रास आहेत. हवा भरताना दर वेळी काढून पुन्हा घट्ट लावावे लागतात, सैल राहिला तर तोच गळतो. आणि त्यांचं वजन रबरी व्हॉल्ववर पडतं, म्हणून व्हॉल्व जुने असतील तर आधी ते बदला. बसस्थानकाबाहेर गाडी लावली तर टोपणं चोरीला जाण्याचा तिसरा त्रास, तो तुमच्या नशिबावर.

आणि कोरेगावचे आजोबा : तुम्ही लिहिलंय, नातू पुण्याहून महिन्यातून एकदा येतो तेव्हा गाडी बाहेर निघते, तांब्या दिसतो, आणि नातू काळी चिकटपट्टी लावून तो झाकतो. चिकटपट्टी काढा. आणि दिवा लुकलुकतो का स्थिर राहतो ते बघून ठेवा, पत्रात ते नाही. नातवाला साधं गेज घेऊन यायला सांगा. येत्या रविवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, चारही चाकांची हवा मोजा, स्टेपनीची पाचवी, आणि आकडे चाकाच्या नावासकट कागदावर लिहा. एखाद्या चाकात वीसच्या खाली आलं तर गाडी हलवू नका, आधी हवा भरा. मग या दुकानात. तुमच्याकडून माझ्याकडे येईपर्यंत अठरा-वीस किलोमीटर होतात, टायर तापून येतील आणि माझं गेज जास्त दाखवेल. तुमच्या कागदावरचे आकडे खरे. कागद विसरलात तर तीन तास बसायला लागेल. समोर चहा बरा मिळतो.